हात धुवायचा कोपरा

आमच्या भागात कुणाकडे जेवायला जावं, भातावर झिंग्यांचं कालवण घेऊन पोटभर जेवण व्हावं, आणि यजमानानं हात धुवायला मोरीकडे न नेता तांब्या उचलून घराला वळसा घालून मागच्या कोपऱ्यावर न्यावं, की मी ओळखते. या घरात भाऊ येऊन गेलेले आहेत. कोपऱ्यावर विटांचा एक चौकोन असतो, त्यात ओली माती असते आणि मातीतून एक जाड तार निघून भिंतीवर चढलेली असते. यजमान म्हणतो, "इथीच धुवा जी, इथीच." मी मुद्दाम विचारते, "काऊन?" कुणी सांगतं, कॉम्प्युटरसाठी. कुणी सांगतं, भाऊंनी सांगितलं म्हणून. एका घरातला कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला होता, पोरंसोरं सगळी मोबाईलवर होती, पण हात धुवायला सगळे कोपऱ्यावरच जात होते. तिथल्या म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, "आमच्यात असाच रिवाज आहे माय." मी हसू दाबून हात धुतले.

भाऊंना हे कळलं असतं तर ते महिनाभर छाती काढून फिरले असते. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता.

भाऊ म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण नावानं त्यांना कुणी ओळखतच नसे. चिमूरला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुरुस्तीच्या दुकानात जे असायला हवं त्यातलं तिथे काहीच नव्हतं. पोट उघडी पडलेली यंत्रं नव्हती, वायरींचे गुंते नव्हते. एक खाट, एक माठ आणि दारावर पाटी: 'येथे कॉम्प्युटर आणू नये. घर दाखवावे.' नवखा माणूस ही पाटी वाचून शेजारच्या सायकलवाल्याला हळूच विचारायचा की भाऊ घरांची दलाली करतात का.

पाटी वाचूनही कुणी हातात सीपीयूचा डबा घेऊन आलाच, तर भाऊ खाटेवरून उठत नसत. "साप चावला माणसाले," ते म्हणत, "अन् तुमी मले चप्पल आणून दाखवता. साप तर घरातच आहे ना. चला, घरी घेऊन जा त्याले. मी येतो." विजेच्या झटक्यानं गेलेलं यंत्र नुसतं दुरुस्त करून देणं त्यांना पाप वाटायचं. ते पुन्हा त्याच भिंतीला लावणार, पुन्हा तोच झटका बसणार. आधी भिंतीचं पाहायचं, मग यंत्राचं. गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जायचं. भाऊ म्हणायचे, "जाऊ दे. येईन वापस." बरेचसे यायचे वापस. जे यायचे नाहीत त्यांच्याबद्दल भाऊ बोलायचे नाहीत.

त्यांच्या जुन्या मोपेडला पुढे एक थैली लटकलेली असे. तीत पकड, पेचकस, मीटर, डाग द्यायची कांडी आणि मिठाचा पुडा. मागे कॅरिअरला कोळशाचं पोतं. रस्त्यात पोलिसानं हटकलं तर ते सरळ सांगत की कॉम्प्युटर दुरुस्तीला चाललो आहे. पोलीस एकदा मिठाकडे बघे, एकदा कोळशाकडे, आणि यांना जाऊ देई.

घरात शिरताना ते चपला बाहेर काढत, देवघरात शिरावं तसे. अनवाणी यंत्रापाशी उभे राहत, मान जरा वाकडी करत आणि बोटांच्या पाठीनं लोखंडी डब्याला अलगद स्पर्श करत. थैलीत मीटर असे, पण ते नंतर. "मीटर सांगते किती आहे ते," ते म्हणत. "टाच सांगते आहे का नाई ते." मग जमलेल्या मंडळींकडे वळून पहिला प्रश्न, "घरात आणखी काय काय गेलं?" बल्ब गेला का, टीव्ही गेला का, शेजाऱ्याचा पंखा कसा आहे. अर्धं निदान ते डबा न उघडता करत आणि ते बरोबर आलं की गावाला ऐकू जाईल असा "हां!" काढत.

विजेवर त्यांचा घरच्या माणसावर असावा तसा राग होता. "वीज आपल्या चंद्रपुरात तयार होते. साऱ्या मुलखात जाते. तिकडे पाहा कशी शहाण्यासारखी वागते. अन् घरी आली का तिचा उधम सुरू."

त्यांच्या भाषेत यंत्राच्या दोनच अवस्था होत्या. 'बसला' म्हणजे अजून आशा आहे. 'गेला' म्हणजे गेला. मधलं काही विचारलेलं त्यांना चालत नसे. यंत्र चालू होईपर्यंत ते चहाला हात लावत नसत, मग तो कितीदा गरम करून आणा. चालू झालं की मात्र चहा नको म्हणत आणि सरळ विचारत, "भाजी कशाची आहे?" लोक म्हणत की भाऊ तक्रारीच्या नंबरानं येत नाहीत, भाजीच्या वासानं येतात. आम्ही तलावकाठचे, मासे खाणारे, म्हणून आमच्या गावांवर त्यांची विशेष माया होती. तिकडे जिवतीच्या डोंगरातल्या एका गिऱ्हाइकाला ते पुढच्या आठवड्याचा वायदा देत राहिले आणि त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या गावी मात्र विनाबोलावता 'सहज चौकशीला' येऊन गेले, ही गोष्ट मला त्या गिऱ्हाइकानंच सांगितली.

आणि ते नेहमी बरोबर असत असंही नाही. एका मास्तरांच्या घरी कॉम्प्युटर बंद पडला. भाऊ गेले, टाच टेकवली, अर्थिंग नाही म्हणाले आणि मास्तरांना खड्डा खणायला लावलं. अर्थिंग म्हणजे घरात चुकून इकडेतिकडे शिरलेल्या विजेला जमिनीत उतरायला केलेली वाट; मीठ-कोळशाच्या ओल्या खड्ड्यातून ती उतरते. मास्तरांच्या घराखाली सगळा मुरूम. मास्तर, त्यांचे भाऊबंद, गल्लीतले दोघंचौघं असे सगळे घामाघूम होईस्तोवर खणत होते. खड्डा झाला, मीठ पडलं, कोळसा पडला, तार जोडली. मग भाऊंनी डबा उघडला तर वीज पुरवणाऱ्या पेटीत एक पाल वाळून बसलेली. विजेचा काही संबंधच नव्हता. मास्तर म्हणाले, "भाऊ, मग हा खड्डा?" भाऊ जराही वरमले नाहीत. "पाल आज आली. वीज उद्या येईन," म्हणाले आणि भाजी विचारली. त्या खड्ड्याच्या ओलीवर मास्तरीणबाईंनी पुदिना लावला. तो असा फोफावला की अजून अर्धं गाव तिथूनच पुदिना नेतं.

आता आमच्या घरचं सांगते.

मी मूळची चंद्रपूरची. लग्न होऊन या तलावकाठच्या गावात आले. नवरा गडचिरोलीला नोकरीला, आठवड्याला यायचा. घरी मी आणि सासरे. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जातिवंत मासेमार. सगळा जन्म तलावात गेलेला. जाळं विणायचं, डोंगा सांभाळायचा, बांबूचे सापळे करायचे. बोलणं कमी, हात सतत चालू. मी टायपिंग आणि छपाईचा मजकूर जुळवायचं काम शिकलेली होते, आणि या गावात लग्नपत्रिका छापायच्या तर लोकांना थेट चिमूर गाठावं लागे. म्हणून मी घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक टेबल टाकलं, कॉम्प्युटर आणला, प्रिंटर आणला आणि पाटी लावली.

मामाजींनी विरोध केला नाही. फक्त त्या सगळ्या प्रकाराला त्यांनी कधी 'दुकान' म्हटलं नाही. ते म्हणायचे, 'ते'. "ते आज उघडलं नाई का?" "त्याच्यापाशी कोणीतरी येऊन गेलं." नवऱ्याला वाटत होतं की मी हा नाद सोडून गडचिरोलीच्या त्याच्या खोलीवर राहायला जावं. मामाजींनी मधला तोडगा काढला. "पाहू एक लग्नसराई," ते म्हणाले. "चाललं तं चाललं. नाई तं पोरीनं जावं नवऱ्याकडे. घरात दोन चुली कायले?" मला त्या खोलीत जाऊन नुसता डबा भरायचा नव्हता. मला ते टेबल हवं होतं. बाया पत्रिकेचा मजकूर घेऊन येत, समोर बसत, 'आमच्या पोरीचं नाव मोठ्या अक्षरात टाका' म्हणत, ते हवं होतं. सगळं त्या एका लग्नसराईवर येऊन ठेपलं होतं.

होळीच्या सुमाराला कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. फार नाही, मुंगी चावल्यासारख्या. मी पायाखाली लाकडी पाट घेतला, चपला घातल्या आणि काम चालू ठेवलं. मामाजींनी त्याच दिवसांत एक नवा सापळा केला होता. मोठा, देखणा, तोंडाला चकचकीत तारेचं कडं बसवलेला. तो त्यांनी सपरीत आपल्या खाटेच्या वर टांगला होता आणि येईल त्याला दाखवत होते.

आणि मग ऐन लग्नसराईच्या तोंडावर एका दुपारी अवकाळी वादळ आलं. गारा पडल्या. तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडावर वीज पडली, तिचा लोळ आम्हाला दारातून दिसला. घरात फाटकन आवाज झाला आणि टेबलाखालून जळका वास आला. वादळ गेलं, लाईट आली, पंखा फिरला. कॉम्प्युटर काही उठेना. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. सपरीतल्या बाकावर त्या वेळी एक नवरदेवाचा बाप बसलेला होता, त्याच्या पत्रिकेच्या ओळी अर्ध्या जुळवून झाल्या होत्या. तो म्हणाला, "मंग मी चिमूरले जाऊ का जी?" मला रडू आलं ते त्याच्यासमोरच आलं.

जाळं विणायची सुई मामाजींच्या हातात होती, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बस धरून भाऊंकडे गेले. डबा नेला नाही, तेवढं मला शेजाऱ्यांनी बजावलं होतं. भाऊ खाटेवर पडून छताकडे बघत होते. मी गाव आणि घर सांगितलं.

"आणखी काय गेलं?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"एक बल्ब. आणि इंटरनेटचा डबा."

"पंखा?"

"चालू आहे."

"झिणझिण्या येत होत्या का?"

मी चकित झाले. "हो. होळीपासून."

"त्याच्या आधी?"

"अजिबात नाही."

भाऊ उठून बसले. "हां!" बाहेरचा सायकलवालासुद्धा दचकला. "म्हणजे बाई, वीज आता पडली, पण तुमच्या घरात जे झालं ते होळीलेच झालं. वाट कोणीतरी तोडली. मंग आता ते पाहुणी आली अन् तिले बाहेर जाता येईना, तं घरातच नाचली." मग चपला शोधत त्यांनी विचारलं, "मामाजी मासे धरतात ना तुमचे?"

भाऊ आले. चपला काढल्या, टाच टेकवली. मग मला एक स्वच्छ धुतलेलं धोतर मागितलं, ते जमिनीवर अंथरलं आणि त्यावर एकेक भाग काढून मांडू लागले. मामाजी आपल्या खाटेवर जाळं घेऊन बसले होते, पण बघत होते सगळं.

वीज पुरवणारी पेटी भाऊंनी नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. तिची हिरवी आणि काळी तार तारेच्याच एका वाकवलेल्या तुकड्यानं जोडून पाहिली. पेटी चांगली असती तर तिचा पंखा फिरला असता. फिरला नाही. "गेली," भाऊ म्हणाले. त्यांनी थैलीतून दुसरी पेटी काढली, आतल्या मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, जोडली. बाकी सगळं सोडून ठेवलं, डिस्कसुद्धा. तरी यंत्र उठेना. मग ते पाटीवर वाकले आणि बोटाची पाठ एकेका काळ्या चिपजवळ नेऊ लागले, पोळीचा तवा तापला का बघतात तसं. इंटरनेटच्या तारेजवळच्या एका चिपपाशी त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"घाबरू नोको," ते म्हणाले. मला वाटलं मला म्हणतात. ते पाटीला म्हणत होते. "वीज तुझ्या ह्या दारातूनही आली. हे दार बंद करून टाकू. बाकी घर साबूत आहे." त्यांनी कांडी तापवून ती चिप उचलून काढली. पुन्हा बटण दाबलं. पाटीवरचा छोटा पंखा फिरला आणि आतून एकच बारीक 'टी' असा आवाज आला. मी जन्मात ऐकलेल्या आवाजांत तो मला सगळ्यात गोड वाटला. "बसला होता," भाऊ म्हणाले. "गेला नव्हता."

आणि त्यांनी लगेच यंत्र बंद करून टाकलं.

"आता डिस्क जोडा ना," मी म्हणाले.

"आता खड्डा," भाऊ म्हणाले.

ते घराला वळसा घालून मागच्या कोपऱ्यावर गेले. कनेक्शन घेतलं तेव्हा वायरमननं तिथेच अर्थिंगची तार पुरली होती. भिंतीवरून उतरणारी तार दिसत होती, पण जमिनीच्या अलीकडेच संपली होती. खाली माती उकरल्यावर दुसरं टोक सापडलं. मधला हात-दोन हात तुकडा गायब. भाऊंनी टोक बोटांत धरलं. स्वच्छ कापलेलं होतं, पकडीनं. त्यांनी मान वर केली. मामाजी जाळं सोडून तिथवर आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीतून घराच्या आरपार सपरीत, खाटेवर टांगलेल्या सापळ्याकडे, त्याच्या तोंडाच्या चकचकीत कड्याकडे. माझी नजर त्यांच्या नजरेमागे गेली आणि मला सगळं कळलं. मामाजींचा हिशेब मला त्यांनी न सांगताही समजला. एवढी चांगली, गंज न धरणारी तार, आणि ती नुसती मातीत जाते. पुढे कुठे जाते? कुठेच नाही. कुणाच्या कामाची आहे? कुणाच्याच नाही. मासेमाराच्या हाताला अशी तार सोडवणार कशी?

मामाजींचा चेहरा उतरला होता. सुनेचं 'ते' आपल्या हातानं बुडालं, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"उंदीर लय माजले दिसते," भाऊ म्हणाले.

पेन्सिलीएवढी जाड तार. उंदीर!

मामाजींनी त्या टोकाकडे पाहिलं. "हो जी," ते म्हणाले. "अवंदा उंदीर लय आहेत."

"कुरतडली पाहा."

"हो जी."

मी तोंडावर पदर धरला आणि कुदळ आणायला गेले. वळून पाहते तर मामाजी माझ्या मागेच आले होते. त्यांनी कुदळ माझ्या हातून घेतली आणि कुणी काही सांगायच्या आत खणायला लागले. त्या वयात त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. खोल खणलं. भाऊंनी नवी पट्टी पुरली, नवी तार जोडली, कोळशाचा थर टाकला, मिठाचा टाकला, पुन्हा कोळसा. मामाजी कुदळीला टेकून बघत होते.

"मासा खारवते तसं जमीन खारवाची का जी?" त्यांनी विचारलं. दिवसभरात आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी मामाजींच्या खांद्यावर थाप मारली. "अगदी तसंच काकाजी! लोकं मले येडा म्हणतात. तुमाले एका नजरेत समजलं."

मग त्यांनी एक बल्ब विजेच्या आणि नव्या तारेच्या मधे लावून पाहिला. तो लख्ख पेटला. जमिनीनं वीज घेतली, असं भाऊ म्हणाले. मग विटांचा चौकोन रचला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आता ह्याले रोज पाणी पायजे. सुकला का मेला. कोण करन हे काम?"

"मी करीन," मी म्हणाले.

"तुमी नाई. तुमाले दुकान आहे. ज्याचा हात जन्मभर पाण्यात आहे त्यानं करावं. काकाजी, तुमी. जेवण झालं का हात इथी धुवाचे. घरात पाहुणा आला, त्याचेही हात इथीच. एक दिवस चुकाचा नाई."

मामाजींनी मान हलवली. एखाद्या मंदिराची पूजा सोपवली असती तरी त्यांनी इतकी गंभीर मान हलवली नसती.

डिस्क जोडली. बटण भाऊंनी मामाजींना दाबायला लावलं, तेही अनवाणी. मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा 'त्याला' हात लावला. 'टी' झालं, पडदा उजळला, आणि नवरदेवाच्या अर्ध्या पत्रिकेसकट माझं सगळं काम जागच्या जागी होतं. भाऊ म्हणाले, "डब्यावर हात ठेवा. काय होते?"

"काई नाई," मामाजी म्हणाले.

"काई नाई ना? तेच पायजे." आणि मग, "भाजी कशाची आहे?"

मामाजींनी पहाटे धरलेली मरळ होती. ती त्यांनी स्वतः भाऊंच्या ताटात वाढली, डोक्याकडचा तुकडा, जो ते कधी कुणाला देत नसत. जेवून दोघं उठले आणि उष्ट्या हातांनी कोपऱ्यावर गेले. निघताना भाऊंनी सपरीत थांबून सापळ्याकडे पाहिलं. "सापळा झकास आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सापळ्याचं कडं बांबूचं झालेलं होतं.

ती लग्नसराई पार पडली. त्यानंतरच्याही पडल्या. नवऱ्यानं शेवटी बदली करून घेतली आणि तोच घरी आला, मी कुठे गेले नाही. टेबलाची दोन टेबलं झाली, कॉम्प्युटर बदलला, खड्डा मात्र तोच राहिला. मामाजींनी एक दिवस चुकवला नाही. उन्हाळ्यात ते जेवणाखेरीजही घागर ओतत. घाईघाईत मी कधी मोरीत हात धुतले तर ते ताटावरूनच ओरडत, "पोरी, पाणी वाया घालवलं!" गावातल्या एका लग्नाचं वऱ्हाड आमच्याकडे उतरलं होतं, तर त्या सगळ्या वऱ्हाडाला त्यांनी रांगेनं कोपऱ्यावर नेलं. वर्षावर्षानं विटा बदलत, मीठ टाकत. पण म्हणत मात्र 'ते'च. "त्याले पाणी देऊन आलो."

इकडे भाऊ म्हातारे झाले. लोक दुरुस्ती करीनासे झाले, बिघडलं की नवं आणू लागले. त्यांचं दुकान बंद झालं आणि मुलानं त्यांना चंद्रपूरला आपल्या फ्लॅटवर नेलं. मागच्या थंडीत मामाजींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही चंद्रपूरला गेलो होतो. मामाजी म्हणाले, भाऊंकडे जाऊ. सकाळीच डब्यात मरळ घेतली होती, म्हणजे त्यांचं आधीच ठरलं होतं.

भाऊ वाळले होते, पण "आणखी काय काय गेलं?" हाच पहिला प्रश्न. मामाजी म्हणाले, "दात." दोघं खूप हसले. भाऊंच्या सुनेनं मरळ रांधली. जेवण झालं. सुनेनं बेसिनकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हात तिकडे धुवा काकाजी." मामाजींनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी मामाजींकडे. दोघंही उठले, भाऊंनी तांब्या उचलला, आणि उष्टे हात वर धरून ते दाराबाहेर पडले आणि जिना उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावरून.

"रोज असंच आहे," ती सून मला म्हणाली. चिडलेली नव्हती, सवय झालेली होती. "लिफ्ट आहे, पण जिन्यानंच जातात. खाली मीटरच्या खोलीमागं बिल्डिंगचा खड्डा आहे म्हणे. आता आमचा वॉचमनही तिथंच हात धुतो." तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. "तेवढा देऊन या. बाबा विसरले, पंच्यालाच पुसतील."

मी टॉवेल घेऊन उतरले. शेवटच्या वळणावर त्यांचा आवाज आला म्हणून थांबले. खाली दोघं खड्ड्याशी वाकले होते. भाऊ तांब्यातून पाणी ओतत होते, मामाजी हात चोळत होते, मासेमाराचे मोठे, भेगाळलेले हात.

"भाऊ," मामाजी म्हणाले, "एक सांगाचं होतं. तो उंदीर मीच होतो जी."

भाऊंनी पाणी थांबवलं नाही. "मालूम आहे," ते म्हणाले. "उंदराले पकड धरता येते का?"

मग मामाजी म्हणाले, "पण सुनेले सांगू नोका. लय जीव आहे तिचा त्या दुकानावर. तिचं दुकान माझ्या हातानं बुडालं असतं, हे कळलं तं तिले वाईट वाटन."

मी तशीच मागे वळले. पायऱ्या चढून वरच्या वळणापर्यंत गेले, डोळे त्याच टॉवेलनं पुसले आणि चपला चांगल्या वाजवत पुन्हा खाली उतरले.

"मामाजी," मी लांबूनच म्हणाले, "टॉवेल."